फळ्यांमागची भिंत

नोकरीतून मोकळी होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्या घरी गेले की उंबऱ्यातच माझं नाक काम करू लागतं. हळदीकुंकवाला बोलावलेलं असतं आणि मी मनाशी म्हणत असते, यांच्या मोरीत पाणी तुंबतंय, किंवा या गाद्यांना कितीतरी दिवसांत ऊन लागलेलं नाही. माझ्या सुनेला हे अजिबात आवडत नाही. पण जन्मभर केलेल्या कामाची खोड अशी सुटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या त्या वर्षांत मी जळगावात सूतिकागृहाची नर्स होते. सकाळी सूतिकागृहात, दुपारी घरोघर. नर्स म्हटली की लोकांना सुई आठवते. आम्ही सुया टोचायचोही, पण घरभेटीत खरं काम असे ते डोळ्यांचं आणि नाकाचं. मूल झोळीत घालून ताणकाट्यावर तोलायचं, बाळंतिणीचं पोट दाबून पाहायचं, आणि हे चालू असताना घर न्याहाळायचं. "तब्येत कशी आहे?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बरी आहे." म्हणून मी विचारत असे की रात्री कुठे झोपलात, शेजारी कोण होतं, दार उघडं होतं की लावलेलं. त्यातून सगळं कळायचं.

तेव्हाच्या बाळंतिणीच्या खोल्या म्हणजे भोकं बुजवलेली पेटी. वारा लागला की वात होतो, अशी पक्की समजूत. जुन्या गावात एक आजीबाई होत्या. त्यांच्या सुनेच्या खोलीची खिडकी मी प्रत्येक भेटीत उघडायची, आणि माझ्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला की आजीबाई त्या खिडकीवर गोधडी ठोकायच्या. शेवटी मी गोधडीच मागून घेतली, बाळाला दुपट्यासाठी म्हणून. पुढच्या खेपेला तिथे गोणपाट होतं. अशा माणसांशी भांडून भागत नाही. पण त्यांच्या खिडकीला निदान गोधडी तरी दिसत होती. जे दिसतच नाही त्याच्याशी कसं लढायचं, हे मला नानांच्या घरात समजलं.

नानांचं नवं घर मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. नाना मूळचे केळीवाले शेतकरी. दोन-चार हंगाम चांगले गेले आणि मुलाच्या, मुरलीधरच्या, लग्नाआधी शहरात घर बांधायचं त्यांनी मनावर घेतलं. बांधलंही झपाट्यानं. दगडी जोतं, सिमेंटचा गिलावा, अंगणात गुरांसाठी आणि बागेसाठी मोठा हौद. आणि सुनेसाठी मधली खोली. तिच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत सागवानी फळ्या मारलेल्या, त्यांवर चकचकीत रोगण. गावात तशी दुसरी खोली नव्हती. पाहुणे आले की नाना त्यांना चहाच्या आधी ती खोली दाखवत.

सून सिंधू धुळ्याची. चपळ, हसरी, एका दमात अंगण झाडून वर पाणी भरून मोकळी होणारी. तिचं बाळंतपण माझ्या हातचं. मुलगा झाला, चांगला वजनदार. सासूबाईंनी, काशीअक्कांनी, मला खण-नारळ दिला आणि आग्रहानं दोनदा शिरा वाढला.

पावसाळा सरता सरता सिंधूला खोकला लागला. आधी मी फारसं मनावर घेतलं नाही, त्या दिवसांत अर्धा गाव खोकत असतो. पण खोकला हटेना. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पहाटे घामानं चोळी भिजायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. चार पावलं चालली की तिला खांबाला धरावं लागे. आधी वैद्य झाले, मग गावातले डॉक्टर. औषधं बदलली, ताप गेला नाही. एक दिवस काशीअक्का मला ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, तो रोग तर नसंल ना?"

त्या रोगाचं नाव घरात कुणी घेत नसे. क्षय म्हटलं की माणूस जायचाच, आणि जाताना दोघाचौघांना घेऊन जायचा, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला 'नाही' म्हणता आलं नाही. सगळी लक्षणं तीच होती. गावच्या डॉक्टरांनाही तेच वाटलं, आणि त्यांनी मुलाला आईपासून दूर ठेवायला सांगितलं.

सिंधूला मधल्या खोलीला लागून असलेल्या मागच्या पडवीत खाट दिली. मूल आजीजवळ, मधल्या खोलीत. ते भुकेनं रडू लागलं की मधल्या दारापलीकडे सिंधूला पान्हा फुटायचा. पदर भिजायचा, आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. दूध पिळून कसं काढायचं, छाती कशी बांधायची, हे तिला मी शिकवलं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मी किती जणींना आग्रहानं डिंकाचे लाडू खायला लावले होते, आणि इथे ते आटवायचं काम माझ्याकडे आलं. पुढे तिला माहेरी धाडलं, एकटीला. निघताना तिनं मुलाकडे लांबूनच पाहिलं. जवळ जाऊ का, असं विचारलंसुद्धा नाही.

माझं माहेरही धुळ्याचं. दिवाळीला चाळीसगावला गाडी बदलून मी तिकडे गेले, तेव्हा सिंधूला पाहून यावं असं वाटलं. खरं सांगायचं तर दारातूनच रडणं ऐकू येईल, असं भय वाटत होतं.

सिंधू अंगणात बसून ज्वारी पाखडत होती. गालावर मांस चढलं होतं. मला पाहून उठली आणि सुपासकट आत गेली, पाणी घेऊन बाहेर आली, तेवढ्यात एकदाही खोकली नाही. ताप कधी गेला, असं विचारलं, तर म्हणाली की आल्यावर थोड्याच दिवसांत. तिची आई माझ्याजवळ येऊन बसली. कष्टाळू, शांत बाई. हळूच आपल्या अहिराणीत म्हणाली, "बाई, बठ्ठा म्हणतस क्षय शे. क्षयनं माणूस अशी भाकरी खाई का? तुम्ही खरं सांगा."

सगळे क्षय म्हणत होते, पण खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. मी सिंधूला धुळ्यातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. वडीलधारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता. सिंधूला आता बेडका पडतच नव्हता, म्हणून त्यांनी छाती पुढून-मागून ठोकून ऐकली आणि सांगितलं, पुन्हा खोकला आला तर बेडका घेऊन लगेच या. मनात काही शंका असेल तर ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

बरी झाली म्हणून सिंधूला सासरी आणलं. नानांनी पेढे वाटले. मधली खोली फिनेलनं पुसून घेतली, नव्या गाद्या घातल्या, दारं-खिडक्या घट्ट लावायला सांगितल्या, कारण थंडीचे दिवस होते. आणि पंधरवड्यातच ती पुन्हा खाटेला लागली.

आता घरातलं वारं फिरलं. इतके दिवस भीती होती, तिच्या जागी संशय आला. काशीअक्का माझ्यासमोरच म्हणाल्या, "सासरी आली का आजारी, माहेरी गेली का बरी. अशा दुखण्याले औषध नसतं, बाई." शेजारणी दुसऱ्या लग्नाचं बोलू लागल्या. मुरलीधर भला मुलगा, पण वडिलांपुढे तोंड न उघडणारा. तो एकदा माझ्यामागून रस्त्यापर्यंत आला आणि त्यानं विचारलं की माणसाला मनातून ताप आणता येतो का. मी म्हटलं, काचेच्या नळीतला पारा मनानं चढत नाही. त्याला थोडं बरं वाटलं असावं. मला मात्र वाटलं नाही, कारण त्याच दुपारी मी मुलाच्या छातीला कान लावला होता आणि आत मांजर घुरघुरावं तसा आवाज येत होता.

सिंधूचा बेडका घेऊन मुरलीधर धुळ्याला गेला. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासला. क्षयाचे जंतू मिळाले नाहीत. त्यांनी निरोपासोबत मलाच बोलावून घेतलं. टेबलावरची काच पुसत ते म्हणाले, "ही मुलगी इथे बरी असते, तिथे आजारी पडते. आजार तिच्यात शोधून झाला. आता जागेत शोधा."

मग त्यांनी समजावलं. बुरसटलेला कडबा झाडणाऱ्या गड्यांना संध्याकाळी ताप येतो, दम लागतो, हे त्यांनी पाहिलं होतं. बुरशीची पूड असते, डोळ्यांना न दिसणारी. ती श्वासाबरोबर छातीत गेली की कुणाला काही होत नाही आणि कुणाचा जीव घाबरा होतो. एखाद्याला पहिल्यांदा होत नाही, पण रोज रोज गेली की होतं. घरात कुठे ओल आहे ते पाहा, असं त्यांनी सांगितलं. आपलं म्हणणं खरं ठरेलच, अशी खात्री त्यांनी दिली नाही.

बुरशी मला माहीत होती ती लोणच्यावरची आणि शिळ्या भाकरीवरची. ती भिंतीवर येते हेही पाहिलं होतं. पण नानांच्या त्या खोलीत भिंत दिसत होतीच कुठे? मी मोरी पाहिली, माळा पाहिला, धान्याच्या कोठ्या उघडून हात घातला. सगळं खडखडीत. मधल्या खोलीत तर रोगणात तोंड दिसावं. नाना माझ्यामागून हिंडत होते आणि कोणतं लाकूड कुठून आणलं ते सांगत होते. दार लावून घेतलं तेव्हा मात्र एक वास आला, जुन्या पोत्यासारखा, अगदी पुसट. नानांना तो येत नव्हता. घरातल्या माणसाला घराचा वास येत नसतो.

पाय धुवायला अंगणात गेले तेव्हा मला हौद दिसला. रोजच दिसत होता, पण तो कोणत्या भिंतीला टेकलाय याचा विचार केला नव्हता. काठोकाठ भरलेला तो हौद मधल्या खोलीच्या भिंतीलाच बांधलेला होता.

मी नानांना म्हटलं, फळ्या काढून पाहायला हव्यात. नाना आधी हसले. मग मी चेष्टा करत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्या घरात रोग आहे असं गावात सांगणार का, असं त्यांनी विचारलं. माझ्या वरिष्ठांशी त्यांची ओळख होती, हेही ते बोलून गेले. मी घरी आले आणि जेवण गेलं नाही. फळ्या काढल्या आणि मागे कोरडी भिंत निघाली तर? हजाराची खोली मोडली, घराण्याचं नाव गेलं, आणि सिंधूच्या दुखण्याला ढोंग म्हणायला सगळे मोकळे. ती मुलगी माझ्या शब्दावर टांगलेली होती, आणि माझ्या शब्दाला आधार एका वासाचा.

पुढचे दिवस वाईट गेले. नानांचं दार मला बंद नव्हतं, पण बसा कुणी म्हणत नसे. मुलाचं वजन काट्यावर पुढे सरकायचं थांबलं. सिंधू पुन्हा पडवीतच असायची. आता ती काही विचारतही नसे.

तोड काशीअक्कांनी काढली. मुलाला घेऊन रात्री मधल्या खोलीत त्याच झोपत. त्यांनाही खोकला लागला होता, पण त्या तो पदरात दाबत. माघात केळीच्या मळ्यात काही काम निघालं म्हणून त्या नातवाला घेऊन आठवडाभर मळ्यातल्या खोपीत राहिल्या. तिथे उघड्यावर, थंडीत, दोघंही निवांत झोपले. मुलाची घुरघुर थांबली. घरी परतल्या आणि तिसऱ्याच रात्री दोघांना दम लागला.

सकाळी मी गेले तेव्हा नाना ओसरीवर होते. अक्का आतून आल्या, मूल माझ्या मांडीवर दिलं आणि माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "मी काही माहेरी पळून जायले खोकत नाही. एक फळी काढा. मंग पाहू."

ज्या मिस्त्रीनं खोली केली होती त्यालाच बोलावलं. हौदाच्या बाजूच्या भिंतीशी, पलंगाच्या डोक्याकडे, त्यानं पटाशी घातली. खिळे गंजले होते, ते करकरले नाहीत, लोण्यातून निघावेत तसे निघाले. फळी हातात आली आणि मिस्त्री दोन पावलं मागे सरला. फळीची मागची बाजू काळी, मखमलीसारखी लवदार होती. भिंतीवर हिरव्या-काळ्या-पांढऱ्या बुरशीचे थर होते आणि गिलाव्यातून पाण्याचे थेंब पाझरत होते. दुसरी काढली, तिसरी काढली, तेच. खोलीभर असा वास सुटला की मी मूल घेऊन अंगणात धावले.

मिस्त्री मान खाली घालून सांगू लागला. गिलावा ओलाच होता. वाळू द्या, असं तो म्हणाला होता, पण लग्नाची तिथी जवळ आली होती आणि मालकांना खोली हवी होती. नाना त्याला अडवायला गेले नाहीत. ते दारात उभे होते, एक हात चौकटीवर.

सिंधू पडवीतून भिंत धरत धरत आली. तिनं ती भिंत पाहिली. हात लावायला गेली, तो मूल कडेवर घेऊनच मी पुन्हा आत धावले आणि तिला मागे ओढलं. ती रडली नाही. सासऱ्यांसमोर सहसा न बोलणारी ती मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी खोटं आजारी नव्हते."

काशीअक्कांनी माझ्याकडून मूल घेतलं आणि तिच्या ओटीत ठेवलं. कितीतरी महिन्यांनंतर त्या मुलाला आईची छाती मिळाली. दूध आटलेलं होतं, तरी ते तिथेच तोंड लावून झोपलं.

हौद पाडला. फळ्या नानांना गोठ्याला वापरायच्या होत्या, त्या मी जाळायला लावल्या. गिलावा दगडापर्यंत खरवडला, सगळा उन्हाळा खोली दारं उघडी टाकून वाळवली आणि मग नुसता चुना दिला. सिंधू होळीपर्यंत बरी झाली. पुढे तिला दोन मुली झाल्या. मुलाची छाती मात्र पूर्ण साफ झाली नाही. दर श्रावणात ती वाजायची, थोर झाल्यावरही. नानांची फळी आणखी काही महिने आधी निघाली असती तर, असं मला अजून वाटतं. पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नव्हतं.

उन्हाळा संपता संपता नाना एक दिवस माझ्या बिऱ्हाडी आले. पहिल्यांदाच. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. त्यांची बहीण पहूरला दिली होती. तिचे यजमान आबा मुरलीधरच्या लग्नाला आले होते, त्यांना ती खोली फार आवडली, आणि त्यांनी आपल्या घरी तशीच, नव्या गिलाव्यावर घाईनं करून घेतली होती. नाना म्हणाले, "माझं पाहून केली त्यांनी. तुम्ही याल का, बाई?"

आम्ही सर्व्हिस मोटारीनं पहूरला गेलो. आबांनी मोठं स्वागत केलं आणि चहाच्या आधी खोली दाखवली. उंबऱ्यातच मला तो वास आला. घरात आबांची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती, यमू. पाणी घेऊन आली आणि परत जाताना तिनं तोंडावर पदर दाबून धरला. कोण झोपतं इथे, मी विचारलं. यमूच, आबा म्हणाले. तिला खोकला आहे का? आबा चटकन म्हणाले की आमच्या घरात दुखणं नाही. मला कारण कळलं. ओसरीवर परगावची चार माणसं बसली होती, यमूला पाहायला आलेली. खोकल्याचा शब्द निघाला असता तर ती तशीच उठून गेली असती.

एवढ्या लोकांत मुलीचं नाव कसं काढायचं? नाना मात्र ओसरीच्या मधोमध उभे राहिले. या माणसानं आपल्या घराचा बोभाटा होऊ नये म्हणून मला दम भरला होता. ते सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आबा, तुमच्या पोरीत काही खोट नाही. खोट त्या खोलीत हाये. माझ्या घरात असल्याच फळ्यांनी माझी सून मरायला टेकली होती, आणि आम्ही तिले खोटारडी म्हणत होतो. सारा गाव पाहून गेला. या बाईंनाही विचारा."

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं की हा रोग लागतो का. मी सांगितलं, माणसापासून माणसाला लागत नाही. जागा सोडली की सुटतो. तो मान हलवत राहिला. आबा लाल झाले होते. तेवढ्यात नानांची बहीण काही न बोलता आत गेली आणि यमूचं अंथरूण कवेत घेऊन बाहेर आली. ते तिनं ओट्यावर उन्हात पसरलं आणि मुलीला हाक मारली.

आबांनी फळ्या काढायला पुष्कळ वेळ लावला, पण यमू त्या खोलीत पुन्हा झोपली नाही. सोयरीक तिथे जमली की नाही, ते मला ठाऊक नाही.

परत जळगावला उतरलो, मी माझ्या वाटेला लागणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. कपाळाचा घाम उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "लग्नात बरीच माणसं आली होती, बाई. आणखी कोणी कोणी केल्यात तशा खोल्या, ते मले आठवू द्या. उद्या तुम्हाला सवड आहे का?"